स्कायची रील, दीक्षितांचा जगदीश : प्रस्तावना

कर्नाटक संगीताच्या पहिल्या धड्यांत सरळी, जंटा, अलंकार आणि गीतं यांच्या जोडीने काही शिक्षक मुलांना आणखी एक प्रकार शिकवतात. छोटी, चटकन ओठांवर बसणारी संस्कृत गाणी. सूर सरळ, कुठेही हेलकावा नाही. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. रचना मुत्तुस्वामी दीक्षितांच्या. त्यातलंच एक ‘जगदीश गुरुगुह’. बेंगळूरुच्या मल्लेश्वरममधल्या किंवा बसवनगुडीतल्या क्लासात एखादं मूल ते म्हणतं, तेव्हा त्याच्या तोंडी असलेली चाल मूळची स्कॉटलंडची असते. तिकडे तिला ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ म्हणतात. फिडलवर वाजवायची आणि पायांना नाचायला लावणारी ही चाल.

हे पुस्तक त्या चालीचं, ती ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या माणसाचं आणि तिला दक्षिण भारतात नवं घर देणाऱ्यांचं आहे. विषय लहान वाटेल, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे: स्काय बेटावरचे खंड थकलेले कुळवाडी, मद्रासचा किल्ला, टिपूविरुद्धच्या लढाया, तंजावरचा मराठी दरबार, आणि शहाजीराजांच्या जहागिरीपासून आजपर्यंतचं बेंगळूरु. मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. या कथेच्या दोन-तीन महत्त्वाच्या वळणांवर मराठी माणसं उभी आहेत.

आधी चालीच्या मुलखाकडे पाहू. स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात फिडल हे घराघरातलं आणि नाचघरातलं वाद्य होतं. व्हायोलिन आणि फिडल ही वाद्यं एकच; वाजवण्याची रीत आणि प्रसंग वेगळे. तिथल्या चालींचे मुख्य प्रकार तीन. ‘रील’ म्हणजे द्रुत, सलग वाहणारी नृत्याची चाल. बहुधा तिचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मापांचा, आणि दोन्ही पुन्हा पुन्हा घ्यायचे. ‘स्ट्रॅथस्पे’ त्यामानाने संथ, झटक्याने तुटणाऱ्या लयीची. ‘एअर’ म्हणजे गायकी अंगाची, ठहराव असलेली धून. शैलींची घराणीही आहेत. पर्थशायरमध्ये इन्व्हरचे नील गाउ (१७२७–१८०७) आणि त्यांचे पुत्र नथॅनियल यांचं घराणं. ईशान्येकडे विल्यम मार्शल आणि पुढे जेम्स स्कॉट स्किनर यांची स्ट्रॅथस्पेची परंपरा. पश्चिमेच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर बॅगपाइपच्या वळणाने जाणारं वाजप. आणि उत्तरेला शेटलंड बेटांची स्वतंत्र धाटणी. गाउ पितापुत्रांनी केवळ वाजवलं नाही, चाली छापून विकल्या. त्या संग्रहांमुळे एका खोऱ्यातली चाल एडिंबराच्या दिवाणखान्यात आणि तिथून जहाजाने सातासमुद्रापार जाऊ लागली.

या संग्रहांची अनुक्रमणिका चाळली की पानोपानी लॉर्ड, लेडी, सर आणि मिस दिसतात. चालीला आश्रयदात्याचं नाव द्यायची ही रीत होती. नाव वाचून चालीचा स्वभाव कळत नाही. तिला आश्रय कोणी दिला, किंवा आश्रयाची अपेक्षा कोणाकडून होती, तेवढं कळतं.

लॉर्ड मॅकडोनाल्ड म्हणजे स्लेटच्या मॅकडोनाल्डांचे प्रमुख, स्काय बेटाच्या मोठ्या भागाचे धनी. इथे प्रामुख्याने ज्यांचा विचार करायचा ते सर अलेक्झांडर मॅकडोनाल्ड, नववे बॅरोनेट. १७७६ मध्ये त्यांना आयर्लंडच्या उमरावांत बॅरन मॅकडोनाल्ड हा किताब मिळाला. १७९५ मध्ये ते वारले. त्यांची आई लेडी मार्गारेट. १७४६ साली कलोडनच्या पराभवानंतर पळणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला फ्लोरा मॅकडोनाल्डने स्कायला आणलं, तेव्हा मदतीला उभ्या राहिलेल्यांत त्या होत्या. मुलगा मात्र ईटनला शिकलेला, इंग्रजी रीतीभातींत मुरलेला जमीनदार झाला. संगीताची त्याला खरी आवड होती आणि या रीलची रचना परंपरेने त्याच्याच नावे सांगितली जाते.

२ सप्टेंबर १७७३ रोजी इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्यांचे स्कॉटिश स्नेही जेम्स बॉस्वेल स्कायवर आर्माडेलला उतरले ते याच सर अलेक्झांडरकडे. जेवणाच्या वेळी बॅगपाइप वाजत होता, असं जॉन्सनने लिहून ठेवलं आहे. पाहुण्यांना यजमान आवडला नाही. कुळांचा प्रमुख म्हणून जो मोकळा हात आणि जो दरारा असायला हवा, तो त्याच्यापाशी नाही, अशी जॉन्सनची तक्रार होती. बॉस्वेलचं प्रवासवर्णन १७८५ मध्ये छापून आल्यावर सर अलेक्झांडर संतापले आणि दुसऱ्या आवृत्तीत काही मजकूर गाळला गेला.

माझ्या मते त्या प्रवासवर्णनातली सर्वांत बोलकी नोंद मात्र जेवणाच्या टेबलाची नाही. ऑक्टोबरमध्ये दोघे परत आर्माडेलला आले तेव्हा संध्याकाळी नाच झाला. त्या नाचाला तिथले लोक ‘अमेरिका’ म्हणत. एक जोडी गिरकी घेते, मग दुसरी, मग तिसरी, आणि अखेर सगळेच फिरू लागतात. स्थलांतराची लाट एका घरातून दुसऱ्या घरात कशी पसरते आणि अख्खं गाव कसं उठून जातं, हेच हा नाच दाखवतो, असा अर्थ बॉस्वेलने लावला. वाढलेल्या खंडाने गांजलेली कुळं तेव्हा जहाजांत बसून अमेरिकेला निघाली होती. आदल्या वर्षी पोर्ट्रीहून जहाज सुटलं तेव्हा किनाऱ्यावर राहिलेल्यांनी किती आकांत केला, हेही तिथल्या एका बाईने बॉस्वेलला सांगितलं. धन्याच्या नावाची रील वाजते ती याच मुलखात, याच वर्षांत. चालीच्या नावात धनी आहे. नाचात कुळं आहेत. लोकसंगीताचा इतिहास लिहिताना दोघांनाही जागा द्यावी लागते, आणि या पुस्तकाने ती देण्याचा प्रयत्न केला आहे.

ही रील पुढे तीन दिशांना गेली. अमेरिकेत ती ‘लेदर ब्रीचेस’ या नावाने रुळली. तिथे लॉर्डचं नाव गळून पडलं. आयर्लंडमध्ये ती ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड’ म्हणूनच राहिली, आणि स्लायगोच्या मायकल कोलमन यांनी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाने तिला नवा दर्जा दिला. तिसरी वाट भारताची.

मद्रासला ती कशी पोचली याचं उत्तर इंग्रजांच्या फौजेत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात आहे. लॉर्ड मॅकलाउडची हायलंडर पलटण जानेवारी १७८० मध्ये मद्रासला उतरली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला पोल्लिलूरच्या लढाईत हैदर आणि टिपू यांनी इंग्रजांचा दारुण पराभव केला आणि या पलटणीतले कितीतरी जण श्रीरंगपट्टणच्या कैदेत गेले. मार्च १७९१ मध्ये हीच पलटण, आता ७१ वी म्हणून, बेंगळूरुच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यात होती. २१ मार्चच्या रात्री तटाला पाडलेल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले. दिल्ली दरवाज्याजवळची दगडी पाटी आजही ती जागा दाखवते. त्या मोहिमेत पुढे मे महिन्यात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या. पलटणींबरोबर पाइप, फायफ आणि ढोल होते; अधिकाऱ्यांच्या सामानात फिडल आणि छापील चालींची पुस्तकं होती. मद्रासच्या किल्ल्यात नाच होत, मेजवान्या होत, आणि बँड वाजे.

या किल्ल्यापर्यंत दीक्षितांचं घराणं एका दुभाष्यामुळे पोचलं. मुत्तुस्वामींचा जन्म तिरुवारूरचा, १७७५ चा. वडील रामस्वामी दीक्षित स्वतः मोठे वाग्गेयकार. मद्रासजवळच्या मणलीच्या मुत्तुकृष्ण मुदलियारांनी या घराण्याला आश्रय दिला. त्यांचे पुत्र चिन्नय्या मुदलियार कंपनीचे दुभाषे. किल्ल्यातलं बँडचं संगीत त्यांनी दीक्षितांना ऐकवलं. इतकंच नव्हे, तर मुत्तुस्वामींचे धाकटे बंधू बालुस्वामी (१७८६–१८५८) यांना व्हायोलिन शिकवायला एक युरोपीय शिक्षक नेमला. बालुस्वामींनी तीन वर्षं ते वाद्य हातात घेतलं आणि मग त्यावर आपलं संगीत वाजवून दाखवलं. ही हकीकत सांगणारे सुब्बराम दीक्षित याच घराण्यातले. त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ १९०४ मध्ये एट्टयपुरम येथून निघाला आणि आजही या विषयाचा पाया तोच आहे.

ऐकलेल्या चालींवर मुत्तुस्वामींनी संस्कृत शब्द बांधले. आज अशा चाळीसच्या आसपास रचना ज्ञात आहेत. सगळ्या शंकराभरणाच्या सप्तकात, म्हणजे आपल्या बिलावलच्या शुद्ध स्वरांत. ‘संततं पाहि माम्’ ही इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवर आहे. ‘श्यामले मीनाक्षि’ची चाल जगभरच्या शिशुवर्गांत चांदणीच्या इंग्रजी बडबडगीतासाठी वापरतात, ती मूळची फ्रेंच. ‘वंदे मीनाक्षी’ आयर्लंडकडून आलेल्या चालीवर. ‘पीतवर्णं भजे’ची चाल ‘ताज़ा ब ताज़ा’ या फारसी गीताची, म्हणजे पौर्वात्य चीज. आणि ‘जगदीश गुरुगुह’ लॉर्ड मॅकडोनाल्डच्या रीलवर.

हे ‘बांधणं’ म्हणजे नेमकं काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. स्कॉटिश वादक व्हायोलिन खांद्याशी धरतो. चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने लावतो. गज तारांवरून झपाझप फिरतो आणि बोटं जागच्या जागी पडतात. कर्नाटक वादक मांडी घालून बसतो; वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवतो; तारा सा-प-सा-प अशा लावतो. वाद्याचा भार हातावर राहत नाही, म्हणून डावा हात तारेवर मोकळा सरकतो, आणि गमकांचं सारं वैभव त्या सरकण्यात आहे. नोट्टुस्वर वाजवताना हाच हात मुद्दाम थांबतो. सूर उभा राहतो, डोलत नाही. कर्नाटक कानाला शंकराभरण हा राग जसा ओळखीचा असतो, तसा तो इथे दिसत नाही. दिसतो तो फक्त त्याचा सांगाडा. दीक्षितांनी तो सांगाडा झाकला नाही. चालीचा सरळपणा तसाच ठेवला, आणि आपलं काम केलं ते शब्दांत. दीर्घ सुरावर दीर्घ अक्षर, धावत्या सुरांवर लघू अक्षरं, ओळींच्या आरंभी प्रास, आणि रचनेत ‘गुरुगुह’ ही मुद्रा. रीलमधल्या पायांच्या गतीची जागा संस्कृतच्या उच्चारगतीने घेतली. जिथे एका बेटाच्या धन्याचं नाव होतं, तिथे जगाच्या धन्याचं नाव आलं.

याकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला म्हणतो, हे सत्ताधाऱ्यांचं अनुकरण. दुसरा म्हणतो, हा दोन संस्कृतींचा गोड मिलाफ. मला दोन्ही अपुरे वाटतात. अनुकरण करणारा माणूस राजाच्या स्तुतीची चाल श्यामलेच्या चरणी वाहत नाही. आणि ज्या किल्ल्यातून तोफा बाहेर पडत होत्या, तिथल्या संगीताच्या भेटीला केवळ गोड म्हणणं इतिहासाला धरून नाही. दीक्षितांचा पवित्रा तिसरा आहे. त्यांनी काशीला राहून ध्रुपद ऐकलं, त्याची संथ भव्यता आपल्या कृतींत आणली. हिंदुस्तानी राग घेतले. तसंच किल्ल्यातलं जे कानी पडलं तेही घेतलं. पण प्रत्येक ठिकाणी काय घ्यायचं आणि कसं ठेवायचं, हे त्यांनी ठरवलं. रील त्यांनी शिकण्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. मोठ्या कृतींत तिची भेसळ केली नाही. चाल ज्याच्या नावाची त्याची ती राहत नाही. जो ती जाणतेपणाने उचलतो आणि आपल्या नियमांनी पुन्हा उभी करतो, त्याच्या हाती तिचं पुढचं आयुष्य जातं. या पुस्तकाला सांगायचं आहे ते इतकंच.

चालींची ये-जा एकतर्फी नव्हती. विल्यम हॅमिल्टन बर्डने १७८९ मध्ये कलकत्त्याला ‘ओरिएंटल मिसेलनी’ छापली आणि उत्तर हिंदुस्तानी चाली युरोपीय वाद्यांसाठी लिहून काढल्या. तिथे आपल्या चाली कोंबून चौकटीत बसवाव्या लागल्या. दीक्षितांचं काम याच काळातलं, उलट दिशेचं, आणि माझ्या मते अधिक नितळ.

व्हायोलिन दक्षिणेत रुजलं ते मात्र केवळ नोट्टुस्वरांमुळे नव्हे. इथेच तंजावरचा मराठी दरबार येतो. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले. १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला, पण सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी वाढवला. त्यात पाश्चात्त्य संगीताची बाडंही आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल गाऊन शिकवला. नृत्यासाठी बांधलेला मराठी रचनांचा त्यांचा संच ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने छापलेला आहे. या दरबारातले वराहप्पा अय्यर व्हायोलिनच्या पहिल्या भारतीय वादकांत गणले जातात. तंजावरच्या चार नर्तनाचार्य बंधूंपैकी वडिवेलू हे दीक्षितांचे शिष्य. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. त्याच तंजावरात पुढे रामचंद्र मोरगावकरबुवांचं कीर्तन ऐकून कृष्ण भागवतरांनी हरिकथेला नवं रूप दिलं, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ श्रोत्यांच्या ओळखीचे झाले. स्कायची रील आणि महाराष्ट्राची साकी एकाच मुलखाच्या कानांत शतकाच्या आत मुरल्या. परक्या चालीला घर देण्याची ती माती होती.

आता बेंगळूरुची गोष्ट. तंजावरचं भोसले घराणं तिथे गेलं ते याच शहरातून. १६३८ पासून बेंगळूरु ही शहाजीराजांची जहागीर होती. जयराम पिंड्ये यांचं ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजींच्या याच दरबाराचं चित्र; वि. का. राजवाड्यांनी ते १९२२ मध्ये प्रकाशित केलं. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, आणि १६८७ मध्ये बेंगळूरु म्हैसूरच्या चिक्क देवराजांकडे गेलं. मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर देवळात व्यंकोजींचा १६६९ चा शिलालेख आहे, देवाला गाव दान दिल्याचा. तिथून थोड्याच अंतरावर चौडय्या स्मारक सभागृह आहे. इमारतीचा आकारच व्हायोलिनचा: तारा, घोडी, मान, खुंट्या सगळं सिमेंटात. ते १९८० साली खुलं झालं. तिरुमकूडलू चौडय्या (१८९५–१९६७) कन्नड लोकांचे ‘पिटीलु चौडय्या’. बिडारम कृष्णप्पांचे शिष्य. मोठ्या सभेत शेवटच्या श्रोत्यापर्यंत आवाज पोचावा म्हणून त्यांनी सात तारांचं व्हायोलिन घडवलं. किल्ल्यातल्या शिक्षकाने बालुस्वामींच्या हाती दिलेलं वाद्य दोन शतकांच्या आत इतकं आपलं झालं की एका शहराने त्याचं घर बांधलं.

बेंगळूरुने दोन्ही संगीतं शेजारी शेजारी ऐकली आहेत. १८०९ च्या सुमारास लष्करी छावणी इथे वसली. कब्बन पार्कच्या बँडस्टँडवर पलटणींचे बँड वाजत. म्हैसूरच्या नाल्वडी कृष्णराज वडेयरांनी राजवाड्यात पाश्चात्त्य बँडबरोबर कर्नाटक संगीत वाजवणारा बँडही उभा केला. त्याचा वारसा आज राज्य पोलिसांच्या बँडकडे आहे. या शहरात बसून हे पुस्तक लिहिणं म्हणूनच सोयीचं झालं. इथे हा विषय ग्रंथालयाइतकाच रस्त्यावरही भेटतो.

मग हे आज का? कारण संगीत ‘कोणाचं’ हा प्रश्न आज फार हट्टाने विचारला जातो. एका बाजूला शुद्धतेचा आग्रह आहे. परक्या स्पर्शाने परंपरा बाटते अशी भीती आहे. दुसऱ्या बाजूला, काहीही कशातही मिसळून त्याला प्रयोग म्हणायची घाई आहे. नोट्टुस्वर दोन्ही बाजूंना उत्तर देतात. परंपरेच्या सर्वांत कठोर शिस्तीत वाढलेल्या माणसाने परकी चाल घेतली आणि परंपरा बुडाली नाही. आणि घेताना त्याने एकही नियम सैल केला नाही. दुसरं कारण शिक्षणाचं आहे. परदेशी वाढणाऱ्या भारतीय मुलांना नोट्टुस्वर फार लवकर आपलेसे वाटतात. अमेरिकेतल्या कन्निक्स कन्निकेश्वरन यांच्या ‘विस्मय’ या ध्वनिमुद्रणाने ते दाखवून दिलं. मराठी मुलांसाठी असं साहित्य जवळपास नाही. बिलावलचे शुद्ध स्वर आणि सोपं संस्कृत, एवढ्या भांडवलावर आपली मुलंही ही गाणी गाऊ शकतील.

म्हणून या पुस्तकाची मांडणी दुहेरी आहे. एक धागा इतिहासाचा: स्काय, एडिंबरा, मद्रास, तंजावर, बेंगळूरु. दुसरा धागा संगीताचा: निवडक नोट्टुस्वर मराठी सरगमीत, त्यांच्या मूळ चालींशेजारी, मराठी अर्थासह. हिंदुस्तानी वाचकाला कर्नाटक संज्ञा अडू नयेत म्हणून त्या जिथे येतात तिथेच उलगडल्या आहेत. जे निश्चित आहे तेच निश्चित म्हणून लिहिलं आहे. घराण्याच्या आठवणीतून आलेली हकीकत आणि छापील पुरावा यांची सरमिसळ होऊ दिलेली नाही.

वाचकांना एकच विनंती. सरगम नुसती डोळ्यांनी वाचू नका. पेटी असेल तर पेटीवर, नसेल तर गळ्याने, आधी रील म्हणून द्रुत लयीत घ्या. मग तेच सूर ‘जगदीश गुरुगुह’च्या शब्दांनी म्हणा. दोन्हींत काय बदललं आणि काय टिकलं, हे पुढची पानं सांगतील. पण त्याआधी तुमच्या गळ्याला ते कळलेलं असावं, अशी माझी इच्छा आहे.

बेंगळूरु